मेलेल्या हातांचा भाव

वंदन करावं ते आधी नाव घेणाऱ्या तोंडाला. नाव कितीही थोर असो, ते कुणीतरी उच्चारावं लागतं. न उच्चारलेलं नाव म्हणजे न लावलेला दिवा. दारव्ह्याच्या अंगाला पळसतांडा नावाची वस्ती आहे. तिथल्या जमनीची ही कथा सांगायची, ती एवढ्याचसाठी, की तिच्या आयुष्यात असा एक काळ आला, जेव्हा तिचं नाव मोठमोठ्या शहरांत घेतलं जात होतं आणि तिच्या स्वतःच्या घरात मात्र कुणी घेत नव्हतं.

जमनी गोर बंजाऱ्यांची. तिच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख तुडवले. पुढे आगगाड्या आल्या, बैल बसले, तांडे थांबले, वाटा शेतांत मुरल्या. पण बायकांच्या हातातली सुई थांबली नाही. दुधाचे दात पडायच्या वयात आईनं जमनीच्या हाती सुई दिली आणि एकच उपदेश केला: टोचली तर रडायचं नाही, बोट तोंडात घालायचं आणि पुढचा टाका घालायचा. त्या उपदेशावर जमनीचं सारं आयुष्य गेलं. नवरा धावजी तापानं गेला, तेव्हा बोट तोंडात घातलं आणि पुढचा टाका घातला. ऐन वखरणीत बैलजोडीतला एक बैल मेला, तेव्हाही तेच. दिवसभर शेत, आणि उन्हं कलली की दाराच्या ओट्यावर लाल-निळ्या कापडाचा तुकडा मांडीवर. आरशांचे बारके तुकडे, कवड्यांची किनार, आणि त्यांच्यामधून मुंगीच्या पावलानं चालणारा दोरा.

बंजारा लेकीच्या पेटीत आईनं घालायच्या वस्तूंमध्ये गळणो सगळ्यांत मानाचा. डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ असते, तिला जोडलेलं हे चौकोनी वस्त्र मागे मानेवर रुळतं. पाणी आणणारी बाई पाठमोरी दिसते आणि मागून पाहणाऱ्याला कळतं, की ही कुणाची तरी लाडकी आहे. जमनीनं आयुष्यात कितीतरी गळणो केले. सर्वांत सुंदर केला तो धाकट्या बहिणीच्या, लालीबाईच्या लग्नात. आई तोवर राहिली नव्हती. म्हणून जमनीनं आईच्या जुन्या घागऱ्याचा तुकडा मधोमध बसवला आणि भोवती आरसे लावले. लालीबाई तो घेऊन आर्णीपलीकडच्या तांड्यावर नांदायला गेली.

यवतमाळचा सलील तांड्यात येऊ लागला, तो साधारण कापसाची दशा फिरली त्या दिवसांत. दोन हजार पाच-सहाचा तो काळ. बोंडात अळी, बाजारात मंदी, आणि माणसांच्या बोलण्यात एक चमत्कारिक शांतता. सलील वकिलांच्या घरातला, बोलायला मऊ. नोकरी सोडून त्यानं जुन्या भरतकामाचं दालन काढलं होतं. मुंबई-दिल्लीचे शौकीन लोक तिथून वस्तू नेत आणि काचेच्या कपाटांत ठेवत. जमनीचं काम तो हातात घेई, उलटं करून पाही, एखादा तुकडा पडत्या भावात नेई आणि बाकीचं परत मांडीवर ठेवी.

"काम उत्तम आहे बाई. पण तांड्यात घरोघरी हेच. जे भरपूर असतं, त्याला कोण विचारतो?"

जमनीला हसू येई. "मंग कमी करू का, साहेब? एक हात कापून ठिवतो खुंटीले."

सगळा ओटा हसे. सलीलही हसे. त्या हसण्यात काळानं कान टवकारले असतील, हे कुणाला कळावं?

संक्रांत होऊन गेली होती. शेवटची वेचणी चालू होती. जमनी ओटीत कापूस घेऊन वाकली असताना एक कावळा खाली आला आणि तिच्या डोक्यावर बसला. बसला म्हणजे नुसता टेकला नाही. त्याची नखं केसांत रुतली, पंखाचा वारा कानशिलाला लागला, आणि मग तो बांधावरच्या बाभळीवर जाऊन बसला. शेजारच्या ओळीतली रामीबाई सरळ उभी राहिली.

"शिवला वो," ती हळूच म्हणाली. सगळ्या बायांचे हात बोंडांवर थांबले.

डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरणाची चाहूल, हे या मुलखात लेकरालाही ठाऊक. त्यावर तोडही वाडवडलांनीच घालून दिलेली. त्या माणसाच्या सर्वांत जवळच्या, रक्ताच्या माणसाला मरणाची खोटी बातमी धाडायची. ते माणूस खरंखुरं रडलं, की मरणाला वाटतं, आपलं काम झालं; ते परत फिरतं. मात्र नेम कडक आहे. बातमी नेणाऱ्यानं वाटेत कुणालाही ती खोटी आहे असं सांगायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत खरी बातमी धाडायची. मग जे रडलं, त्याच्याच हातचा गूळ त्या माणसाच्या तोंडात पडला पाहिजे. गूळ पडेपर्यंत मरण उंबऱ्यावर बसून राहतं.

जमनीचं रक्ताचं माणूस म्हणजे लालीबाई. तिची पोरं ऊसतोडीला गेलेली, ती स्वतः मांडीचं हाड मोडून खाटेवर; उठून धावत येण्याचा धोका नाही. तांड्यातला उकंडा बातमी घेऊन निघाला. भला माणूस, नेमाचा पक्का. दारव्ह्याच्या जीपमध्ये कुणी विचारलं, "का रे, तोंड काहून असं?" तर उकंडा डोळे पुसून म्हणाला, "आमची जमनीमाय गेली. कशिदेवाली." त्या जीपमध्ये सलीलच्या दालनातला माणूस बसला होता.

दुसऱ्या दिवशी उकंडा खरी बातमी घेऊन निघायच्या आतच सलीलची गाडी तांड्याच्या वेशीत शिरली. जमनीचा मुलगा शाम अंगणात एकट्या बैलाला चारा टाकत होता. जमनी आत, कुडाच्या भिंतीआड, तूर पाखडत होती.

"शामभाऊ," सलीलचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता, "फार वाईट झालं. काल आमच्या माणसाकडून कळलं."

"साहेब, थे तं..."

"नका बोलू. मला कळतं. तुमची आई म्हणजे... असा हात पुन्हा होणे नाही. आता जेवढं आहे, तेवढंच. घरात त्यांचं काय काय आहे?"

शामनं तोंड उघडलं होतं. मग त्यानं सलीलकडे पाहिलं, एकट्या बैलाकडे पाहिलं, आणि ते तोंड मिटलं. भिंतीआड जमनीच्या हातातलं सूप थांबलं. मुलगा आता म्हणेल, मग म्हणेल, "माही याडी आत बसली हाये." गोरबोलीत आईला याडी म्हणतात. तो शब्द आला नाही. पेटी ओढल्याचा आवाज आला.

गाडी गेल्यावर ती दारात आली. "काहून नाई सांगतलं रे?"

"सांगनारच होतो, याडी. त्यानं बोलूच देल्लं नाई."

"मंग धाव ना. गाडी अजून नाल्यापाशी असन."

शाम जागचा हलला नाही. मान खाली घालून म्हणाला, "दोन दिस थांब. त्यानं जुन्या बैलाले जोडी होईन एवढं देल्लं. उद्या मोठ्या लोकाइले घेऊन येतो म्हनला."

"अन् लाली? उकंडा कधी जाईन? गुळाचं काय?"

"जाईन. दोन दिसानं जाईन."

सूर्य मावळला. उकंडा गेला नाही.

ऐका, वस्तूची किंमत कशी वाढते ते ऐका. कापड तेच होतं, दोरा तोच, आरसा तोच. जे हात काल ओट्यावर उघडे होते, तेच आज भिंतीआड होते. वस्तूत कणभरही भर पडली नाही. वाढली ती फक्त उणीव. आणि उणिवेचा वास लागला, की शौकीन माणसाला झोप येत नाही. एकाकडे आहे म्हणून दुसऱ्याला हवं, दुसऱ्याला मिळेना म्हणून तिसऱ्याला हवंच हवं. तांड्यात गाड्या येऊ लागल्या. भिंतीआड बसून जमनी स्वतःची कथा ऐकू लागली.

"फार थोडं केलं त्यांनी आयुष्यात," सलील पाहुण्यांना सांगत होता.

एवढंसं? जमनीनं मनात म्हटलं. अरे, तुझ्याच दुकानात गठ्ठा पडला होता ना रे माझा?

"आणि जे राहिलं होतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या इच्छेप्रमाणे चितेवर ठेवलं. हो ना शामभाऊ?"

मग शामचा आवाज आला. "हो."

जमनीनं कुडाला टेकलेला कान काढून घेतला. आपल्या चितेचा धूर पोटच्या पोरानं आपल्यादेखत उठवला होता. पाहुण्यांनी उसासे टाकले. त्या उसाशांनी भाव आणखी चढला.

तांडा मुका झाला. जमनी गेली म्हणून तिच्या पिढीतल्या साऱ्याच बायांच्या कामाला मोल आलं होतं. पेट्या उघडत होत्या, आज्यांचे घागरे, आयांच्या काचोळ्या गाड्यांत चढत होत्या. तांड्याचा नायक पूनमसिंग वयानं थोर, मनानं वाईट नव्हे. तो एक दिवस दारात येऊन उंबऱ्याकडे पाहत बोलला. "माय, जरा आतच राह्यजो. गाड्या येतात. पोराइले बी सांगतलं, तुह्यं नाव घेऊ नका म्हून."

"किती दिस, नायक?"

"पाहू," तो म्हणाला. तिच्या डोळ्यांत मात्र त्यानं पाहिलं नाही.

विहिरीवर जाणं बंद झालं. ओटा बंद झाला. बंजाऱ्यांच्या संताच्या, सेवाभायाच्या देवळावरचा पांढरा झेंडा तिला खिडकीच्या फटीतून दिसे, तेवढंच दर्शन. गल्लीतली लेकरं, जी कालपर्यंत तिच्या मांडीवर लोळत, ती आता दार उघडं दिसलं की पळत. त्यांना सांगितलं होतं, आजीचं नाव घ्यायचं नाही. आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही, ते लेकराच्या लेखी एकच असतं: भूत. एके दिवशी पाहुण्यांसाठी शामनं भिंतीवर तिचा फोटो लावला. रेशनकार्डासाठी काढलेला. त्याला झेंडूचा हार घातला. पाहुणे गेले, हार तसाच राहिला. घरात ये-जा करताना जमनी त्याच्याकडे पाठ करून जाई.

रोज दुपारी कावळा कौलांवर येऊन बसे. नखांचा खरखर आवाज आढ्यावरून वळचणीपर्यंत जाई आणि परत येई. तो तोच कावळा होता की दुसरा, हे कोण सांगणार? जमनी मोडक्या पेटीतून उरलेला एक भरतकामाचा तुकडा काढी आणि त्यातल्या आरशांच्या बारक्या तुकड्यांत आपला चेहरा शोधी. एकात डोळा दिसे, एकात हनुवटी. सगळा चेहरा कुठेच दिसत नसे. देवा पांडुरंगा, सेवाभाया, ज्याच्या मरणावर सगळे रडून झाले, ज्याच्या वस्तू वाटून झाल्या, ज्याचं नाव जिभेवरून पुसून झालं, त्यानं आपण जिवंत असल्याची खूण कुणाला विचारावी?

आणि मग तिनं ते वाक्य ऐकलं. सलील जाता जाता अंगणात शामला म्हणाला, "एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा शामभाऊ. आता कुठूनही नवीन काम निघता कामा नये. निघालं, तर तुमचंही संपलं आणि माझंही."

"नाई निघनार, साहेब."

नवं काम ज्या हातांतून निघू शकत होतं, ते दोन्ही हात जमनीनं पदरात घेतले आणि छातीशी धरले. खुंटीला हात कापून ठेवण्याची तिची थट्टा तिलाच आठवली. आता तिला कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून ती पोराला भिऊ लागली. ज्याला पाठीशी बांधून वेचणी केली, त्या पोराचं पाऊल वाजलं की ती भिंतीकडे सरके. शाम तिच्याशी गोड बोले, आणि त्या गोडीचंच भय वाटे. सकाळी सून अंजू चहा घेऊन आली. जमनीनं कपाकडे पाहिलं, अंजूकडे पाहिलं, आणि कप खाली ठेवला. दुपारी भाकर आली, तीही तशीच राहिली.

"खात काहून नाई, याडी?"

"भूक नाई."

अंजू समोर बसली. तिनं सासूच्या नजरेचा माग काढला. नजर ताटावर होती आणि ताटापासून दूरही. मग अंजूला उमगलं. तिच्या तोंडाचा रंग उडाला. तिनं त्याच ताटातली भाकर मोडली, त्याच कालवणात बुडवली आणि स्वतःच्या तोंडात घातली. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"मले भेता, याडी? मले? मी का तुम्हाले..." तिनं हातातली उरलेली भाकर ताटात ठेवली. "मी बी भेतोच ना! रोज कुकू लावतानी भिंतीवरचा हार पाह्यतो, अन् मांगं वळून तुम्हाले पाह्यतो. म्या त्याइले किती डाव म्हनलं, उकंड्याले धाडा. थे म्हनतात, लालीमावशीपाशी एक गळनो हाये, सायबाले थोच पायजे, थो भेटला की संपलं."

"लालीचा गळनो?"

"हो. आज-उद्या जानार हायेत थे लोक तिच्याकडे."

जमनीनं ताट पुढे ओढलं. सुनेच्या उष्ट्या हातची भाकर ती शेवटच्या घासापर्यंत जेवली. भीती गेली नव्हती. पण भीतीत आता ती एकटी नव्हती, आणि माणसाला चालायला तेवढं पुरतं.

शाम तूर घेऊन बाजाराला गेला, तशी अंजूनं गुळाचा खडा जमनीच्या पदराच्या गाठीत बांधला. "मावशीच्याच हातून घ्या, याडी." भर दुपारी, उघड्या उन्हात, जमनी मागच्या परसातून निघाली. उपटायच्या राहिलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांतून पायवाट होती. आर्णीच्या जीपमध्ये ती पदर ओढून बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन गाव, माय?" गावाचं नाव सांगावं, तर ती बाई म्हणेल, तिथली कशिदेवाली मेली ना? जमनी नुसतीच खिडकीबाहेर पाहत राहिली.

लालीबाईच्या झोपडीपुढे गाडी उभी होती. पांढरी, धुळीनं माखलेली, तिच्या ओळखीची.

ती दाराशी थांबली. आत खाटेवर लालीबाई, तिच्या मांडीवर तो गळणो, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. समोर स्टुलावर सलील, आणि त्याच्या बाजूला मुंबईच्या एक बाई. त्यांचं नाव शाल्मली. असल्या वस्तूंच्या संग्रहासाठी त्यांचं घर प्रसिद्ध, आणि दिवंगत जमनीची सर्वाधिक कामं त्यांच्याच कपाटांत. त्यांच्या हातात भिंग होतं.

"मावशी," सलील म्हणत होता, "हा शेवटचा आहे. ह्याच्यानंतर नाही. तुम्ही म्हणाल ते."

"माह्या बहिनीची खून हाये थे," लालीबाई म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "थे गेली. आता हे बी देऊ?"

"लाली," जमनी दारातून म्हणाली.

लालीबाईनं वर पाहिलं. मग तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून आवारातल्या कोंबड्या उडाल्या. गळणो छातीशी घेऊन ती मोडक्या मांडीसकट भिंतीकडे सरकू लागली. "नोको! नोको येऊ जवळ! तुह्यं समदं केलं म्या, रडलो, न्हालो. आता काहून आली? काय राह्यलं तुह्यं?"

जमनीचे पाय उंबऱ्यातच रुतले. कावळ्याची नखं लागली तेव्हा वाटलं नव्हतं, फोटोवरचा हार पाहून वाटलं नव्हतं, ते तिला आता वाटलं: खरंच तर नसेल? आपण खरंच तर गेलो नसू?

तिनं सलीलकडे पाहिलं. तो तिला ओळखत होता. त्याच्या डोळ्यांत ओळख लखकन आली, तिच्या पाठोपाठ एक पांढरं भय आलं, आणि मग दोन्ही विझली.

"साहेब, सांगा ना इले. मी जमनी. तुम्ही तं माह्या ओट्यावर बसत होते."

"कोण बाई तुम्ही?" सलील म्हणाला. मग शाल्मलीबाईंकडे वळून, घोगऱ्या आवाजात: "एखादं नाव झालं, की असे प्रकार सुरू होतात. नात्यातली कुणीतरी असेल. तोंडवळा मिळतो."

शाल्मलीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. भिंग त्यांच्या मुठीत होतं. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या थैलीतून एक कापड काढलं, सुई-दोरा काढला आणि जमनीपुढे धरला. "करून दाखवा बरं थोडंसं."

जमनी खाली बसली. आयुष्यभर न चुकलेल्या हातानं सुई धरली. पण भिंतीशी बहीण थरथरत होती, आणि तिच्याकडे पाहता पाहता जमनीच्या बोटांतही तीच थरथर उतरली. टाका तिरपा गेला. दुसरा उसवून तिनं पुन्हा घातला, तोही तिरपा.

शाल्मलीबाईंनी भिंगातून पाहिलं. मग एक दीर्घ श्वास सोडला, आणि त्या श्वासात सुटका होती. "बरं आहे. सराव आहे हाताला. पण हा जमनीचा हात नव्हे."

त्या एवढ्याशा खोलीत जिवंत बाईला सगळेच भ्यालेले होते. बहीण भ्याली, कारण ती मेली होती. सलील भ्याला, कारण ती मेली नव्हती. शाल्मलीबाई भ्याल्या, त्या आपल्या कपाटांसाठी. आणि जमनी स्वतः भ्याली, कारण या तिघांतलं एकही माणूस तिला तिचं नाव परत द्यायला तयार नव्हतं.

सुई बोटात गेली. रक्ताचा थेंब आला. जमनीनं बोट तोंडात घातलं, आणि आईचा उपदेश मात्र आज मोडला. ती रडली.

गोर बंजाऱ्यांत बायांची भेट सुखाची असो वा दुःखाची, ती गळ्यात पडून, सूर धरून रडण्यानंच होते. ते नुसतं रडणं नसतं. त्यात आई येते, बाप येतो, माहेरची विहीर येते. त्याला ढावलो म्हणतात. एकीनं सूर धरला की दुसरीनं तो उचलायचा, हा धर्म आहे. जमनी त्या सुरात रडू लागली. आईच्या घागऱ्याला नाव घेऊन हाक मारली. तो कापताना कात्री कशी अडली ते सांगितलं. चुलीपुढे बसून दोघींनी आरशांचे तुकडे कसे वेचले ते सांगितलं. लालीबाई डोळे विस्फारून ऐकत राहिली. भुताच्या डोळ्यांना पाणी नसतं, हे तिला ठाऊक होतं. समोरच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून कापडावर टपटपत होतं, आणि कापड भिजत होतं.

लालीबाईचा हात आधी नुसताच पुढे आला. बोटाचं टोक गालाला लागलं. गाल ऊन होता.

मग तिनं सूर उचलला. काय सांगू, तो सूर झोपडीच्या कुडातून बाहेर गेला, तशा शेजारच्या बाया धावत आल्या आणि दारातच तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. सलील आणि शाल्मलीबाई त्या गर्दीतून वाट काढत बाहेर पडले. कुणी त्यांना अडवलं नाही.

जमनीनं पदराची गाठ सोडली. "तुह्या हातानं दे, लाली. लय दिस झाले. थे उंबऱ्यावर बसून हाये."

"गदडी," लालीबाई रडता रडता म्हणाली, "कावळा शिवला होता तं दुसऱ्या दिशीच कळवाचं ना वो! मी इकडे रोज मेलो ना!" आणि तिनं गुळाचा खडा बहिणीच्या तोंडात घातला.

बाहेर गाडी निघायच्या बेतात असताना रस्त्यानं शाम धावत येत होता. अंजूनं त्याला बाजारात गाठून सांगितलं होतं. तो घामानं निथळला होता. सलीलनं काच खाली केली. "बरं झालं आलात शामभाऊ. ह्या ताईंना सांगा तुम्हीच. आत एक बाई आली आहे. कोण आहे ती?"

शाम थांबला. शाल्मलीबाई त्याच्याकडे पाहत होत्या. झोपडीच्या दारात बायांची गर्दी होती, आणि ती दुभंगून मधून जमनी बाहेर आली. तिच्या डोक्यावर लालीबाईनं तो गळणो टाकला होता. उन्हात त्याचे सगळे आरसे एकदम पेटले. कडुलिंबावरून एक कावळा ओरडला.

जमनी मुलाकडे पाहत उभी राहिली. तोंडात गूळ होता. तो गिळावा की नाही, हेही तिला कळेना. बहिणीनं मरणाला उंबऱ्यावरून उठवलं होतं. पण ज्यानं ते बसवून ठेवलं होतं, तो अजून बोलायचा होता. त्याच्या घरात तिला परत जायचं होतं, त्याच्या हातचं पाणी प्यायचं होतं. तो 'नाही' म्हणाला असता, तर त्या गुळाचा काय उपयोग होता?

"शामभाऊ?" सलीलनं पुन्हा विचारलं. आवाजात विनवणी होती.

शामचे ओठ हलले. तो हळूच म्हणाला, "याडी."

जमनीनं ओ दिली नाही. पहिल्या हाकेला ओ देऊ नये. ती कुणाची असते ते सांगता येत नाही. लहानपणी तिनंच त्याला हे शिकवलं होतं. ती नुसती पाहत राहिली. सारे पाहत राहिले. शामच्या तोंडावर भयाची अशी लाट आली, की आता ही ओ देणारच नाही, कधीच देणार नाही.

"याडी!" तो ओरडला. गाडीकडे पाठ फिरवून, रस्त्यात गुडघे टेकून, साऱ्या आर्णीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला. "माही याडी हाये थे! जमनी! जितीजागती हाये!"

गाडीची काच हळूहळू वर गेली. शाल्मलीबाईंचा चेहरा काचेमागे गेला, काचेच्या कपाटात वस्तू जाते तसा. मुंबईत त्या काय सांगतील, यवतमाळच्या दालनात जमनीचा भाव पडेल की ती तिथे मेलेलीच राहील, हे गाडीच्या धुळीबरोबर निघून गेलं.

जमनीनं गूळ गिळला.

"ओ," ती म्हणाली.